रंगांचा तास आणि मातृभाषा

बालवर्गातील रंगांचा तास बहुतेक पालकांना विरंगुळ्याचा वाटतो. छापील चित्रात मुलाने मेणखडू फिरवला, रंग रेषेबाहेर गेला नाही, की शाळाही संतुष्ट आणि घरही संतुष्ट! वस्तुतः या तासाला मुलाची दृष्टी घडत असते आणि तिच्याबरोबर भाषाही. म्हणूनच 'लाइट ग्रीन' आणि 'डार्क ग्रीन' एवढ्यावर आपण समाधान मानतो, ही चिंतेची बाब आहे.

मराठीने एका हिरव्याच्याच पोपटी, मेंदी, शेवाळी अशा छटा ओळखल्या. अबोली, गुलबाक्षी, डाळिंबी, आमसुली, श्रीखंडी, विटकरी ही नावे परसातून, स्वयंपाकघरातून आणि भोवतालच्या सृष्टीतून आली. आजीच्या लुगड्यांबरोबर ती पेटीत बंद झाली, तर छटांमधील भेद टिपण्याची सवयही क्षीण होईल.

माँटेसरी पद्धतीच्या एका रंगपेटीत नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा गडद ते फिकट अशा क्रमाने लावायच्या असतात. ही कल्पना उत्तमच आहे. चांगले जेथून मिळेल तेथून घ्यावे. मात्र ते आपल्या मातीत रुजवावे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी व कोसबाड येथे महागड्या साधनांऐवजी पाने, फुले, बिया, शिंपले मुलांच्या हाती दिले.

हा मार्ग आजही कोणत्याही शाळेला परवडणारा आहे. आंब्याची तांबूस पालवी, पोपटी कोवळे पान, गर्द हिरवे जून पान आणि पिवळे पडलेले पान मुलांनी ओळीने मांडावे; प्रत्येकाचे नाव सांगावे. ओल्या हळदीत बाईंनी चिमूटभर चुना कालवताच पिवळ्याचा लाल होतो, हे पाहून कोणते मूल हरखणार नाही? पांढरा मिसळत नेल्यास लालाचा गुलाबी कसा होतो, हे त्याने स्वतःच्या बोटांनी अनुभवावे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रारंभिक शिक्षणात मातृभाषेचा आग्रह धरला आहे. तो केवळ शासनाच्या परिपत्रकांनी सिद्धीस जाणार नाही. इंग्रजी माध्यमात मुले घालणाऱ्या आपल्याच कुटुंबांनी निदान घरी, भाजी निवडताना वा रांगोळी भरताना, हे शब्द मुलांच्या कानांवर घालावेत. राष्ट्रीय विचाराने चालणाऱ्या बालवाड्यांनी तर याचा आरंभ येत्या सत्रापासूनच करावा.