मैदानाच्या कडेने : अवघड आणि अचूक

स्नेहसंमेलनांचे दिवस जवळ आले की नागपुरातील शाळांच्या पटांगणांवर कसरतींची तालीम सुरू होते, आणि त्याबरोबर कित्येक घरांत एक वाद उभा राहतो. शिक्षक म्हणतात, मुलगी चपळ आहे, यंदा तिला हवेतली कोलांटी शिकवू या. आई म्हणते, हात टेकून मारावयाची कोलांटीच ती अजून गुडघे वाकवून मारते, तिचे काय? आजोबांचा प्रश्न मात्र मुळावर बोट ठेवणारा असतो : या खेळात गुण देतात कशाचे, धाडसाचे की सफाईचे? त्याचाच विचार या महिन्यात करावयाचे योजिले आहे.

जिम्नॅस्टिक्समध्ये पूर्वी दहा गुण ही परमावधी होती. १९७६ साली मॉन्ट्रिअलच्या ऑलिंपिकमध्ये नादिया कोमानेची या चौदा वर्षांच्या रुमानियन मुलीस दहापैकी दहा मिळाले, तेव्हा गुणफलकास तो आकडा दाखविताच येईना, त्यावर १.०० असे उमटले. २००६ साली ही रीत बदलली. तेव्हापासून खेळाडूच्या नावे दोन खाती असतात. एक अवघडपणाचे; त्यास वरची मर्यादा नाही, क्रिया जितक्या कठीण तितकी बेरीज मोठी. दुसरे सफाईचे, ते दहापासून आरंभून दोषागणिक घटत जाते. लहान चुकीस एक दशांश, मध्यम चुकीस तीन दशांश, मोठीस अर्धा गुण, आणि पडल्यास पूर्ण एक. दोहोंची बेरीज हा निकाल.

या हिशेबातून काय घडते ते आपल्याकडच्याच उदाहरणावरून पाहावे. अगरतळ्याची दीपा कर्माकर २०१६ साली रिओ येथे व्हॉल्टच्या अंतिम फेरीत उतरली. तिची ‘प्रोदुनोवा’ नावाची उडी म्हणजे धावत येऊन मंचावर हात टेकावयाचे आणि तेथून उसळून हवेत पुढच्या बाजूस दोन कोलांट्या पुऱ्या करून पायांवर उतरावयाचे. दुसरी कोलांटी थोडी अपुरी राहिली तर प्रथम जमिनीस काय लागेल, हे सांगावयास नको. त्या उडीस अवघडपणाचे ७ गुण होते. दीपा पायांवर उतरली, पण फार खाली बसली, आणि सफाईचे ८.२६६ मिळाले. दोन उड्यांची तिची सरासरी १५.०६६ भरली, तर कांस्यपदक १५.२१६ वर गेले. सुवर्णपदक मिळविणाऱ्या सिमोन बाइल्सच्या उड्या अवघडपणात ६.४ आणि ६.३ इतक्याच होत्या, तरी तिची सरासरी १५.९६६.

यावरून दीपाचे धाडस फुकट गेले असे कोणी म्हणू नये. ऑलिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय स्त्री-जिम्नॅस्ट. सफाई अंगी बाणवावयास बाळपणापासूनची उत्तम साधने आणि वर्षानुवर्षांचा मुरलेला अभ्यास लागतो. ती शिदोरी हाताशी नसलेल्या खेळाडूने अवघडपणाच्या खात्यावर भिस्त ठेवावी, हा तिच्या परीने शहाणपणाच होता. दोष असेल तर पद्धतीचा आहे, कारण ती पद्धती अशा पैजेस आमंत्रण देते. नियम करणाऱ्यांसही याची जाणीव दिसते. २०१९ साली बाइल्सने तोलदांडीवरून उतरण्याची एक अत्यंत कठीण उडी मांडली, तेव्हा तिची किंमत मुद्दाम बेताची ठेवण्यात आली. इतरांनी लोभाने ती करू जाऊ नये, असा हेतू सांगितला गेला. बाइल्सला तो निर्णय अन्यायाचा वाटला, आणि तेही समजण्यासारखे आहे.

आता याच प्रश्नाचे एक निराळे उत्तर पाहू. ते ज्या खेळाकडून आले त्याचे नाव ऐकून पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडेल. चिअरलीडिंग म्हटले की २००८ पासूनच्या आयपीएल सामन्यांत सीमेजवळ नाचणाऱ्या मुलीच आपणांस आठवतात. स्पर्धेतील चिअरलीडिंगचा त्याच्याशी नावापुरता संबंध आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १८९८ साली याचा आरंभ झाला तो एका पुरुष विद्यार्थ्याच्या ललकारीने. आज तो मनोरे, झेला-झेली आणि कोलांट्या यांचा अडीच मिनिटांचा सांघिक खेळ झाला असून २०२१ साली त्याच्या जागतिक संघटनेस आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यताही मिळाली.

येथेही अवघडपणा आणि सफाई यांना वेगवेगळे गुण आहेत. परंतु संघांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, ही खरी मौज. सर्वांत खालच्या पायरीवर हातांच्या टेक्याशिवाय हवेत उलटावयाचे नाही. चाकासारखी बाजूची कोलांटी आणि कमान टाकून चालणे इतकेच. हवेतली कोलांटी तिसऱ्या पायरीस, पिळाची त्याहून वर. खालच्या पायरीवर कोणी वरची क्रिया करून दाखविली तर शाबासकी राहो, गुण कापले जातात. सर्वांना मर्यादा एकच, म्हणून चढाओढ उरते ती गुडघा सरळ आहे की नाही, पाय एकदम टेकले की मागेपुढे, याची. शिवाय संघातील बहुतेकांनी क्रिया केल्याखेरीज अवघडपणाचे वरचे गुण मिळत नाहीत. एका हुशार मुलीच्या जिवावर संघ तरत नाही.

नुसत्या अवघडपणासच बक्षीस दिले तर काय होते, हे शिकावयास अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आमच्या दहीहंडीत मोजतात ते थर. सातव्या थरावरचे पोर कसे चढले, तळाच्या गड्यांचे खांदे एका रेषेत होते का, यास गुण नाहीत. परिणाम असा की मर्यादा घालण्याचे काम न्यायालयाकडे गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली वीस फुटांची मर्यादा घातली. २०१७ साली उंचीची अट उठली, पण चौदा वर्षांखालील मुलांस थरांवर चढविण्याची मनाई राहिली. खेळाच्या नियमांनी जे करावयाचे ते न्यायासनास करावे लागले.

याउलट मल्लखांब पाहा. दुसऱ्या बाजीरावाचे गुरू बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येस पुन्हा ऊर्जितावस्थेस आणले. आणि आमच्या शेजारच्या अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली थेट बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आले. या विद्येत नवख्यास प्रथम शिकवितात ती अढी, म्हणजे पायांनी खांबास घातलेली पकड. वेल, फरारे, सुईदोरा ही पुढची सारी शोभिवंत मंडळी त्या अढीच्या आधारावर नांदतात. अढी ढिली असताना गडी वर गेला तर पंचांनी गुण कापण्यापूर्वी खांबच शिक्षा करतो. परीक्षक ताणलेल्या पावलास गुण देतो तो त्या पावलाच्या देखणेपणासाठी, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः पाऊल ताणलेले म्हणजे मांडी ताणलेली, मांडी ताणलेली म्हणजे कंबर बांधलेली; आणि बांधलेली कंबरच उलटत्या शरीरास वेळेवर पायांवर आणते. वाकलेला गुडघा ही म्हणूनच सौंदर्याची उणीव कमी आणि पुढच्या अपघाताची सूचना अधिक.

आणखी एक परीक्षक आहे, त्याचे नाव कोणत्याही नियमपुस्तकात नाही. पाहुणे आले की दिवाणखान्यातली सतरंजी सरकवून ‘बाळ, ती उलटी उडी दाखव बरे’ असे म्हणणारे आपण सर्व. उडी पाहून काका टाळ्या वाजवितात, आत्या डोळे झाकते, आजी दृष्ट काढते. पण तीच मुलगी सरळ गुडघ्यांची साधी कोलांटी नेटकेपणाने घालून स्थिर उभी राहिली, तर कोणी मान वर करून पाहत नाही. दहा वर्षांच्या मुलीस हा गुणतक्ता शाळेतल्या गुणतक्त्याहून लवकर पाठ होतो. मग ती पुढच्या उडीचा हट्ट धरते, आणि शिक्षकासही वाटते की घरच्यांस हेच हवे आहे.

शिक्षकांच्या सल्ल्यास नकार द्यावा असे आमचे म्हणणे नाही. भेटीस जावे, आणि सोबत आजोबांस न्यावे. आज येत असलेली कोलांटी दहा वेळांत किती वेळा सरळ गुडघ्यांनी, न डळमळता उतरते, ते समोर मोजून दाखवावयास सांगावे. आठ-नऊ भरली तर पुढचे बोलणे. नवी उडी शिकविताना गादी किती जाडीची, आणि बाजूस हात देण्यास स्वतः शिक्षक उभे राहणार की वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी, हेही तेथेच विचारून घ्यावे.