मावळ्याच्या हातातली तलवार आणि आपली जयणा



नवरात्र संपलं की आपल्या महिला मंडळांच्या ग्रुपवर एक निरोप फिरायला लागतो. जैन घरात दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आणू नका. हातात तलवार, भाला, शेजारी तोफ, म्हणजे हिंसेची खेळणी. आणि तीही वीर प्रभूंच्या निर्वाणाच्या दिवसांत! खाली ओळीने जोडलेले हात. मला हा निरोप पटत नाही. तो न वाचता पुढे ढकलणं तर त्याहून पटत नाही.

हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो आहोत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने मुळातून सोडायची ती संकल्पी, म्हणजे ठरवून, मारायच्या हेतूने केलेली. अंगावर आलेल्यापासून घर-गाव राखताना होते ती विरोधी. गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही, हे शास्त्रानेच मानलं आहे. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभी करणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. आबूच्या लूणवसहीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या वस्तुपाल-तेजपालांपैकी वस्तुपालाने खंभातला स्वतः लढाई केली. आबूला जाऊन ते छत डोळे भरून पाहायचं आणि घरी येऊन बोटभर मावळ्याला बंदी घालायची, याचा मेळ मला तरी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो थोरल्या बायकाच काढतात. यशोधर राजाने खरा नाही, पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी त्याला आणि त्याच्या आईला कितीतरी जन्म पशुयोनीत काढावे लागले. म्हणून आपण प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं मुलांना देत नाही, केकवरचं बदक कापत नाही. हे बरोबरच आहे, आणि मीही ते पाळते. पण कथा नीट ऐका. पिठाचा कोंबडा घडवण्यात दोष सांगितलेला नाही, दोष आहे तो त्याला मारायच्या भावनेने कापण्यात. किल्ल्याच्या दारावर पहारा देत उभ्या असलेल्या मावळ्याला कोण कापतंय?

कापत कोणी नाही, पण मोडतात सगळे. ही गोष्ट त्या निरोपात कधीच नसते. धनत्रयोदशीला सगळ्यात स्वस्त ढिगातून डझनभर मावळे उचलायचे. पाडव्यापर्यंत चौघांचे हात गेलेले, भाऊबीजेला दोघांच्या माना तुटलेल्या, आणि तुळशीच्या लग्नाआधी उरलेसुरले केरात. माणसाच्या आकाराची वस्तू चार दिवसांत तुटणार हे माहीत असून आणायची आणि डोकं-धड वेगळं झालं की घंटागाडीत टाकायची. जयणा म्हणून काही असेल तर ती इथे लागते. तलवारीवर चर्चा करून आपण खरेदीतल्या निष्काळजीपणावर पांघरूण घालतो.

तेव्हा खरा प्रश्न ‘आणावेत का’ हा नाही, ‘कसले आणावेत’ हा आहे. आणि तो घरातल्या बाईने सोडवायचा आहे, कारण पैसे तिच्या हातातून जातात.

धुळ्याचा आग्रा रोड घ्या की जळगावचं फुले मार्केट, मातीचा, प्लास्टरचा आणि प्लास्टिकचा असे तीन प्रकारचे मावळे मिळतात. रंगवल्यावर पहिले दोन सारखेच दिसतात, म्हणून मावळा आधी उलटा करून तळ बघायचा. तळाला सहसा रंग नसतो. पांढराशुभ्र आणि खडूसारखा असेल तर प्लास्टर ऑफ पॅरिस. मातकट राखाडी असेल आणि ओलं बोट लावल्यावर चिकटपणा आला तर शाडू. विटकरी असेल आणि नखाने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजला तर भाजलेली माती. बद्द वाजला तर कुठेतरी चीर गेलेली आहे, परत ठेवा. माठ घेताना आपण हेच करतो; मावळ्याला वेगळा कायदा कशाला?

प्लास्टरचा मावळा दिसायला सगळ्यात रेखीव, हे मान्य. साच्यात पातळ ओततात आणि ते काही मिनिटांत धरतं, त्यामुळे पागोट्याची घडीसुद्धा उमटते. पण मनगट, भाल्याची काठी, घोड्याचे पाय अशा बारीक जागी तो फार ठिसूळ. जिप्सम दगड सुमारे दीडशे अंशांवर भाजून ही भुकटी होते, पाणी लागलं की पुन्हा दगड. त्यामुळे मोडलेला मावळा ना मातीत मिसळतो ना पाण्यात विरघळून जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तींबद्दल हेच सांगितलं. गणपती शाडूचा हवा म्हणून आग्रह धरणारी बाई दोन महिन्यांनी प्लास्टरचं सैन्य घरी आणते, तेव्हा काय म्हणावं?

शाडूचा मावळा नाजूक असतो, पण मोडला तर कुंडीत विरतो. भाजलेल्या मातीचा थोडा ओबडधोबड, नाक जाडं, डोळे एका रेषेत असतीलच असं नाही. पण वर्षं काढतो. माझं मत उघड सांगते: भाजलेल्या मातीचाच घ्या, आणि हात अंगाला चिकटलेला असेल असा घ्या. हवेत उगारलेली तलवार आधी तुटते. शिवाय बाजूची जोडरेघ बघा. साच्याचे दोन भाग नीट बसले नसतील तर ती रेघ नाकावरून जाते आणि बिचारा जन्मभर वाकड्या तोंडाने पहारा देतो.

प्लास्टिकचा न मोडणारा मावळा बरा, असं काही भाभी म्हणतात. न मोडणं हा गुण आहेच. पण पुड्यात पंचवीस येतात, लागतात पाच. अर्ध्या पुड्यांत हिरवे, बंदूकधारी परदेशी शिपाई असतात. रायगडाच्या महादरवाज्यावर ते उभे केलेले मी पाहिले आहेत. ते जुन्या इंग्रजी खेळण्यांचे वंशज. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतले, हाताने रंगवले, जगभर विकले. शिसं मुलांना घातक म्हणून ते १९६६ च्या सुमारास बंद झाले. गंमत म्हणजे अशाच शिपायांनी खेळायच्या नियमांचं पुस्तक १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या लेखकाने लिहिलं आणि त्यातच खऱ्या युद्धाच्या मूर्खपणावर टीका केली. खेळण्यातली तलवार मुलाला हिंसक करतेच, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शिशाचं आपल्याकडेही आहे, रंगात. पिवळ्या आणि भगव्या रंगांत ते असण्याची भीती जास्त, आणि मावळ्याच्या पागोट्याला नेमके हेच रंग. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम २०१७ पासून लागू आहे. खेळण्यांवर आयएसआय खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. प्लास्टिकच्या पुड्यावर ती नसेल तर घेऊ नका. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून मातीच्या मावळ्यावर खूण नसली तर लगेच नाक मुरडायचं कारण नाही. ओल्या रुमालाने पाठ पुसून पाहा. रंग रुमालावर आला तर तो मुलाच्या हातावर आणि फराळावरही येणार. घरात तोंडात वस्तू घालणारं बाळ असेल तर मावळे उंच फळीवर, मग ते कसलेही असोत.

किल्ल्यावर अळीव पेरून नंतर उपटून टाकायला माझाही जीव होत नाही. आम्ही रंगवलेला लाकडाचा भुसा पसरतो. हिरवळ तीच दिसते.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. आपल्यापैकी बऱ्याच जणींची घराणी मारवाडातून आली, त्याला पिढ्या लोटल्या. अहिराणीत भाव करतो, पोळ्याला मातीचे बैल शेजारणीच्या मुलांना कौतुकाने देतो. आणि गल्लीतली सगळी पोरं चिखलात हात घालून किल्ला रचत असताना आपलं पोर गॅलरीतून बघतं, कारण त्याच्या आईच्या फोनवर निरोप आला. त्याला त्यातून अहिंसा कळत नाही. हे आपलं नाही, आपण इथले नाही, एवढंच कळतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे शिकवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मावळे कमी लागावेत असं वाटत असेल तर किल्ला जवळचा निवडा. धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंग दिसतो. एक रविवार जाऊन बघा, मुलाला वहीत काढायला सांगा. किंवा बागलाणातला साल्हेर करा. युनेस्कोने २०२५ च्या जुलैत जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. एवढ्या उंच डोंगरावर दोन मावळे आणि एक झेंडा पुरतो. दरवर्षी एक नवा, पारखून घेतलेला आणि जुने सगळे जपलेले, असा आमच्या घरचा नेम. जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून डब्यात ठेवते, रंग उडाला असेल तर मुलगीच ब्रश घेऊन बसते.

तोफेचं काय, असं एकीने विचारलं होतं. तोफ आम्हीही आणत नाही. तिची चाकं पहिल्याच दिवशी निघतात.