शीर्षकातले पुरुष कुठे गेले? (धागा)

स्वीडिश पत्रकार स्टीग लार्सन यांचे नोव्हेंबर २००४ मध्ये निधन झाले. त्यांची पहिली कादंबरी पुढच्या वर्षी प्रकाशित झाली. तिच्या स्वीडिश शीर्षकाचा सरळ अर्थ 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष'. २००८ साली ती इंग्रजीत आली 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' या नावाने. मुळात आरोपीचे नाव मुखपृष्ठावर होते. इंग्रजीत तिथे एका तरुणीच्या अंगावरचे गोंदण आले. फ्रेंच आणि स्पॅनिश प्रकाशकांनी भाषा सौम्य केली खरी, पण 'पुरुष' हटवले नाहीत.

हा फरक केवळ विक्रीच्या सोयीचा मानून सोडून देता येत नाही. १९९५ मध्ये वंशवादी आणि अतिउजव्या संघटनांचा माग काढण्यासाठी 'एक्स्पो' हे नियतकालिक स्थापन करणाऱ्यांपैकी लार्सन एक होते. त्यांच्या कादंबरीतील वांगेर हे उद्योगपती घराणे आणि त्यातले नाझी भाऊ हे निव्वळ रहस्यकथेचे सामान नव्हे. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ म्हणवणारा स्वीडन जर्मनीला लोहखनिज विकत होता आणि जर्मन सैनिकांना आपल्या रेल्वेने वाट देत होता.

पेर अल्बिन हान्सन यांनी १९२८ मध्ये संसदेत स्वीडनची कल्पना 'लोकांचे घर' अशी मांडली होती. कोणी लाडका नाही, कोणी सावत्र नाही, असे ते घर. लार्सन यांची नायिका लिस्बेथ सालांदर त्याच घराची लेक. पण कायद्याने अज्ञान ठरवलेली. तिच्यावर बलात्कार करतो तो शासनव्यवस्थेनेच नेमलेला पालक.

स्वीडिश गुन्हेकथेची ही वृत्ती लार्सन यांच्याही आधीची आहे. माय शोवाल आणि पेर वाले या डाव्या विचारांच्या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील 'द लाफिंग पोलिसमन' या नावाने इंग्रजीत गेलेल्या कादंबरीत स्टॉकहोममधील बसमध्ये हत्याकांड घडते. त्या रात्री शहराचे पोलीस गुंतलेले असतात अमेरिकी वकिलातीसमोर, व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा मोर्चा रोखण्यात. १९७३ मध्ये हॉलिवूडने तीच बस सॅन फ्रान्सिस्कोला नेली. वॉल्टर मॅथाऊ यांनी काम चोख केले. पण अमेरिकेत अमेरिकी वकिलात कुठून असणार? कथानक समुद्रापार पोहोचले, उपरोध स्टॉकहोमच्या रस्त्यावरच राहिला.

याउलट बू वीडेरबेर्ग यांचा 'द मॅन ऑन द रूफ' (१९७६) पाहावा. याच मालिकेवर आधारलेल्या या चित्रपटात छपरावरून पोलिसांवर गोळ्या झाडणारा माणूस स्वतः पोलीस होता, आणि त्याची पत्नी पोलिसांच्याच बेपर्वाईने मेली होती. प्रेक्षकाला त्याची बाजू घेता येत नाही, नाकारताही येत नाही.

लार्सन यांच्या कादंबरीवर नील्स आर्डेन ओप्लेव यांचा स्वीडिश चित्रपट २००९ मध्ये आला आणि डेव्हिड फिंचर यांचा इंग्रजी चित्रपट २०११ मध्ये. कारागिरीत फिंचर सरस, हे मान्य करावेच लागेल. त्यांच्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर उगाच मिळाले नाही. ओप्लेव यांची मांडणी काही ठिकाणी दूरचित्रवाणी मालिकेसारखी सपाट वाटते. नूमी रापास यांची लिस्बेथ तिला तारून नेते. फिंचर यांनी कथा स्वीडनमध्येच ठेवली, नाझी नातलगही ठेवले. तरी त्यांच्या पडद्यावर स्वीडन हे बर्फाचे देखणे नेपथ्य बनते आणि गुन्हा एका विकृत कुटुंबापुरता आकसतो. ओप्लेव यांच्याकडे झगमगाट कमी, म्हणूनच पालकाचे ते सामान्य कार्यालय अधिक अंगावर येते.

भारतीय चित्रपटगृहांत फिंचर यांचा चित्रपट लागलाच नाही. सेन्सॉर मंडळाला तो कापल्याविना सार्वजनिक प्रदर्शनास योग्य वाटला नाही, दिग्दर्शक कात्रीला राजी नव्हते, आणि २०१२ च्या आरंभी वितरकांनी प्रदर्शन रद्द केले. मूळ शीर्षक ज्या हिंसेला नाव देत होते, तीच दृश्ये मंडळाला खुपली.