डोस फॉरवर्ड करू नका, पत्रक वाचा

अमेरिकेत घरी काडतुसं भरणारे जाणते शौकीन छापील मॅन्युअल उघडल्याशिवाय दारू मोजत नाहीत, आणि सुरुवात तक्त्यातल्या सर्वात कमी मापाने करतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय हा उद्योग १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा नाद सोडा!) पण ती शिस्त आपण कपाशीच्या फवारणीला का लावत नाही?

इथे मेहरूणमध्ये बसून गावाकडे औषधाचे डोस व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलणारी आमची इंजिनियर मंडळी पाहिली की डोकं फिरतं. ऑफिसात डॉक्युमेंटेशनशिवाय एक ओळ लिहिणार नाहीत, आणि इथे विषाचा हिशोब "अजून एक झाकण टाक"!

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे २० शेतकरी-मजूर गेले राव.

डब्यासोबतच्या पत्रकात पीक, कीड, मात्रा, पाणी, विषबाधेवरचा उपाय सगळं असतं. लाल त्रिकोण म्हणजे सर्वात जहाल. आणि मात्रा बहुतेकदा हेक्टरी असते. ती एकरावर ओतली की झाली अडीचपट! पत्रकात नसलेलं मिश्रण तर करूच नका.

या रविवारी घरी फोन करा, पत्रकाचा फोटो मागवा आणि एकरी हिशोब तुम्ही करून द्या. शिक्षणाचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.