विश्वास हेही भागभांडवलच



गव्हाणीत मोळी पडली आणि धुराडे पेटले की गावागावांत एकच विषय सुरू होतो. अमक्याची तोड आधी कशी आली? काटा बरोबर आहे का? उतारा कशाने घसरला? पुढचा हप्ता कधी? पारावर, सोसायटीच्या कट्ट्यावर, डेअरीच्या रांगेत हेच बोलणे. यातले काही खरे असते, काही अर्धे खरे असते आणि काही निव्वळ कंडी असते. पण प्रश्न सभासदाच्या मनात आला आणि कारखान्याकडून त्याचे उत्तर वेळेवर मिळाले नाही, तर ते उत्तर गावात कोणीतरी तयार करतोच. एकदा गावात तयार झालेले उत्तर मग शंभर पत्रके काढूनही पुसले जात नाही.

आपण कारखान्याची ताकद मोजतो ती गाळप क्षमतेवर, साखरेच्या पोत्यांवर आणि भागभांडवलावर. ताळेबंदात या सगळ्यांना रकाने आहेत. विश्वासाला रकाना नाही. पण तो आटला की बाकीचे सगळे रकाने हळूहळू कोरडे पडतात, हे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. सभासद ऊस दुसरीकडे घालतो, गाळप कमी होते, खर्च टनामागे वाढतो, दर देता येत नाही आणि दर नाही म्हणून आणखी ऊस बाहेर जातो. या रहाटगाडग्यात सापडलेला कारखाना नुसत्या कर्जाने वर येत नाही.

पाया कशाचा होता

सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ आठवून पाहावा. नगर जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरेचा कारखाना १९४८ साली नोंदला गेला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. त्या काळी शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता. कारखाना म्हणजे काय हे बहुतेकांनी पाहिलेले नव्हते. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेतकऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलले आणि शेअर गोळा केले. स्वतः मात्र अध्यक्षपद घेतले नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे डॉ. धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि विखे पाटील उपाध्यक्ष. हिशेबाला कडक, गावकीच्या राजकारणापासून लांब असा विद्वान माणूस वर आणि बांधावरचा माणूस न् माणूस ओळखणारा शेतकरी त्याच्या जोडीला, अशी ती रचना होती. शेअरची रक्कम देताना शेतकऱ्याने कारखाना पाहिला नव्हता, माणसे पाहिली होती.

त्या वेळच्या पुढाऱ्याला सभासद भेटत होता. आज सभासद हजारोंनी वाढले, कार्यक्षेत्र पसरले, साखरेबरोबर वीज आणि इथेनॉल आले. चेअरमनसाहेबांनी प्रत्येकाच्या बांधावर यावे, ही अपेक्षा आता कोणी करणार नाही. पण भेटण्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी लागते आणि ती फक्त माहितीने भरते. ती जागा मोकळी राहिली की तिथे संशय येऊन बसतो.

संशय कुठे जन्मतो

पहिली जागा वजनकाट्याची. काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी होते, हंगामात भरारी पथकेही येतात. पण किती सभासदांनी ती पडताळणी डोळ्यांनी पाहिली आहे? खेपेमागे दोन क्विंटल कमी भरले, अशी नुसती शंका जरी आली तरी २०२५-२६ च्या ३५५ रुपये क्विंटल या मूळ दराने ती सातशे दहा रुपयांची शंका होते. ज्याने कर्ज काढून लागण केली, रात्री लाईट येईल तेव्हा उठून पाणी दिले, त्याला ही रक्कम किरकोळ नाही. काटा शंभर टक्के बरोबर असला तरी तो बरोबर आहे हे सभासदाला दिसले पाहिजे.

दुसरी जागा तोडीची. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि पुढच्या वर्षीच्या हंगामात त्याची तोड व्हायला हवी. ती लांबली की तुरे येतात, दशी पडते, वजन घटते आणि उतारा उतरतो. रान मोकळे न झाल्याने गहू-हरभरा हुकतो तो वेगळाच. म्हणून नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड हा सभासदाच्या जिव्हाळ्याचा नियम आहे. पाळी चुकली की तो चिटबॉयला धरतो. बिचारा चिटबॉय हंगामी पगारावरचा पोरगा. शेतकी खात्यातून आलेला कार्यक्रम तो राबवतो. टोळी का हलवली हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो म्हणतो, "वरून आलंय, मला काय माहीत." या एका वाक्याने कारखान्याची जेवढी पत जाते, तेवढी विरोधकांच्या भाषणाने जात नाही. पुलाचे काम निघाले, टोळी अर्ध्यातून पळाली, पावसाने रान ओले झाले, अशी खरी कारणे पुष्कळ असतात. ती वेळेवर सांगितली तर शेतकरी समजून घेतो. आभाळाशी जुळवून घेण्यात त्याचा जन्म गेलेला असतो. त्याला चीड येते ती कोणी काही सांगत नाही याची.

तिसरी जागा दराची. इथे तर नुसता गोंधळ आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी एफ.आर.पी. ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये क्विंटल. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. म्हणजे उताऱ्याचा दहावा भाग टनाला चौतीस रुपये साठ पैशांचा. हा दर कारखान्याच्या गेटवर पोच उसाचा असतो. आपल्याकडे तोडणी-वाहतूक कारखाना करतो, म्हणून तो खर्च त्यातून वजा होतो. पेपरात एक आकडा वाचलेला असतो आणि बँकेत दुसराच जमा होतो. मधला फरक कोणी समजावून सांगितलेला नसतो. त्यात आता इथेनॉल आले. उसाचा रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलला वळवली की पोत्यात साखर कमी दिसते. तो भाग धरूनच उतारा काढावा लागतो. पण हे ज्याला ठाऊक नाही तो म्हणणारच की उतारा चोरला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर एकाएकी बंधने घातली आणि पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. या उलटसुलटीचा परिणाम कारखान्याच्या तिजोरीवर कसा होतो, हे सभासदाला चार ओळींत सांगितले तर कळते. आपला शेतकरी अडाणी नाही. बाजारभाव, खताचे प्रमाण, बँकेचे व्याज हे सगळे तो तोंडपाठ सांगतो.

कारखान्याच्या आतले बोलणे

सभासदाशी न बोलणारा कारखाना आपल्या कामगारांशी तरी बोलतो का, हेही पाहिले पाहिजे. मिलवरच्या बेअरिंगचा आवाज बदलला हे सर्वांत आधी तिथल्या ऑईलमनला कळते. पॅनमनला रसाचा रंग पाहून उमगते की आज शिळा ऊस जास्त आला. पण वर सांगितले आणि मिल थांबवावी लागली तर ठपका आपल्यावर यायचा, या धाकाने माणूस गप्प बसतो. मग चार तासांत भागले असते त्या कामाला चार दिवस लागतात. बाहेर यार्डात शेकडो गाड्या उभ्या, ऊस वाळतो, ऊसतोड मजूर, बैल आणि ड्रायव्हर उपाशी ताटकळतात. हा तोटा शेवटी कोणाच्या बिलातून जातो ते सांगायला नको.

जपानातल्या टोयोटा मोटार कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असायची. कामात खोट दिसली की कुणीही साधा कामगार ती ओढायचा. त्याचा प्रमुख लगेच धावत यायचा आणि दोघांना ती दुरुस्त करता आली नाही, तर सगळी लाईन थांबायची. दोरी ओढली म्हणून कोणी रागावत नसे. खोट लवकर सापडली, असे मानत. आपल्या कारखान्यात दोरी बांधायची गरज नाही. पण "साहेब, मिलचा आवाज बरा नाही" असे म्हणणाऱ्या माणसाला शाबासकी मिळते की बोलणी बसतात, यावरून त्या खात्याचा प्रमुख कसा आहे हे ओळखावे. नेतृत्व म्हणजे मोठ्या आवाजात हुकूम देणे, असा समज आपल्याकडे फार दिवस आहे. वाईट बातमी आपल्यापर्यंत लवकर पोचेल अशी वाट मोकळी ठेवणे हे नेत्याचे पहिले काम. ज्याच्यापर्यंत फक्त चांगल्याच बातम्या येतात, तो सर्वांत शेवटी जागा होतो.

आपलेही काही चुकते

सगळा दोष संचालक मंडळाच्या माथी मारून सभासदाला मोकळे होता येणार नाही. वार्षिक अहवाल घरी येतो. किती जण तो उघडतात? बऱ्याच घरांत तो पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला जातो. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिथे आपण जातो, विषय वाचला जातो, पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" होते आणि मागची रांग चहाकडे वळते. नंतर वर्षभर आपण चौकात भांडतो. जे सभेत विचारायचे ते चौकात विचारून उत्तर कसे मिळणार?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने प्रत्येक सभासदाला हक्क दिला आहे. कार्यालयीन वेळेत जाऊन लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. फी भरून नकलाही मिळतात. तसेच ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाला तर सालीना पंधरा टक्के व्याज लागते. हक्क माहीत असणारा सभासद भांडखोर होतो, असे काही मंडळींना वाटते. अनुभव उलटा आहे. ज्याला हिशेब ठाऊक असतो तो कंडीला भुलत नाही आणि वेळ आली तर कारखान्याच्या बाजूने छातीठोक उभा राहतो.

आणखी एक. नोंद आपल्या कारखान्याकडे आणि ऊस रातोरात दुसरीकडे, हेही काही जण करतात. कारखान्याने गाळपाचा हिशेब आपल्या नोंदीवर बांधलेला असतो. टोळ्यांना उचल त्यावरच दिलेली असते. शब्द मोडायचा आणि वर विश्वासाच्या गोष्टी करायच्या, हे शोभत नाही.

काय करता येईल

यासाठी मोठा खर्च लागत नाही. पुढील गोष्टींचा विचार संचालक मंडळाने करावा, असे सुचवावेसे वाटते.

१) हंगामाच्या आरंभी व मध्यंतरी काट्याची पडताळणी सभासदांसमोर व्हावी. कोणत्याही सभासदाने आपली गाडी पुन्हा तोलून मागितली, तर कपाळाला आठ्या न घालता तोलून द्यावी.

२) प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लागणीच्या तारखेप्रमाणे तोडीचा कार्यक्रम लावावा. क्रम बदलला तर कारण त्याच फळ्यावर लिहावे. मोबाईलवर निरोप जाईलच, पण फळा सगळ्यांना दिसतो.

३) चिटबॉय आणि मुकादम यांना दर आठवड्याला शेतकी अधिकाऱ्यांनी एकत्र बसवून पुढचे नियोजन सांगावे. गावात कारखान्याचे तोंड तेच आहेत.

४) तोडीसाठी पैसे मागितल्याची तक्रार लेखी घ्यावी, पोच द्यावी आणि काय कारवाई झाली ते कळवावे. तक्रारदाराची तोड त्यासाठी मागे पडता कामा नये.

५) बिलाबरोबर वजन, उतारा, तोडणी-वाहतूक खर्च आणि इतर कपाती यांचा खुलासा साध्या मराठीत छापावा.

६) वार्षिक सभेआधी गटवार बैठका घ्याव्यात. तिथे संचालकांनी भाषण थोडे करावे आणि ऐकावे जास्त.

यातल्या काही गोष्टी काही ठिकाणी चालूही असतील. त्या सगळीकडे आणि नियमाने व्हाव्यात, एवढेच मागणे आहे. अडचणीच्या वर्षी दर कमी द्यावा लागला तर तोही सभासद सोसेल. दुष्काळात त्याने याहून जास्त सोसले आहे. मात्र तो का कमी दिला हे त्याला चेअरमनच्या तोंडून, वेळेवर आणि आकड्यांसह कळले पाहिजे. पेपरातून किंवा विरोधी पॅनेलच्या पत्रकातून कळले, तर ते सोसणे नाही राहत, ती सल होऊन बसते.

आपल्या वाडवडिलांनी दागिने मोडून शेअर घेतले ते ओळखीच्या माणसांच्या शब्दावर. त्या शब्दाची किंमत राखणे आता दोन्ही बाजूंच्या हातात आहे. कारखान्याने सांगत राहावे, सभासदाने विचारत राहावे. या हंगामात तोडीचा निरोप येईल तेव्हा प्रत्येकाने आपली पावती, आपले वजन आणि आपले बिल नीट वाचावे आणि शंका असेल तर पहिल्यांदा गट ऑफिसची पायरी चढावी.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद