मनं बदलेपर्यंत थांबा म्हणे

अमरावतीच्या राजापेठेतून अंबादेवीचं देऊळ पायी जाण्याइतकं जवळ. नवरात्रात पहाटे अनवाणी निघणारी माणसं आठवली की इथे अमेरिकेत बसून आपण अमरावतीकर हळवे होतो. याच देवळाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली होती. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली, तरी कामकाज थांबलं नाही. सत्याग्रह मात्र लांबणीवर पडला. समजुतीने होईल, लोकांची मनं तयार होऊ द्या, हा सूर तेव्हाही होताच.

इथे आपल्याला कोणी उच्चारावरून हिणवलं, बढती नाकारली, तर गोऱ्यांची मनं बदलेपर्यंत आपण थांबतो का? मुळीच नाही. सरळ तक्रार करतो. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा पाठीशी असतो, आणि तो काळ्या लोकांनी मार खाऊन मिळवलेला आहे. आपल्याला या देशाचं दार उघडून देणारा १९६५ चा कायदाही त्याच लाटेतला.

पण २०२३ मध्ये सिॲटलने भेदभावबंदीत जात घातली, कॅलिफोर्नियात तसं विधेयक आलं (राज्यपाल न्यूसम यांनी ते सही न करता परत पाठवलं), तेव्हा आपल्यातलेच किती जण म्हणाले, कायदा कशाला, पुढची पिढी आपोआप विसरेल! पण जात इथे आपोआप विसरली जात नाही, हे जुनंच आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांनी नागरिकत्वासाठी आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरे, असा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जातीची मिजास तिथे कामाची ठरली नाही.

अशा कायद्याने सगळ्याच हिंदूंकडे संशयाने पाहिलं जाईल, ही भीती मला खोटी वाटत नाही. पण सिॲटलचा नियम कुठल्या धर्माचं नाव घेत नाही. जातीवरून डावललेला कोणीही तो वापरू शकतो. आणि मन कायद्याने बदलत नाही हे खरं असलं, तरी पंजाबराव देशमुखांनी अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी खुल्या केल्या, त्या काय गावोगावची मनं तपासून?

आपल्या मंडळाच्या घटनेत वंश, धर्म, लिंग यांवरून भेद करणार नाही असं कलम आहे. त्यात जात नाही. ती घालण्याचा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडतो आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.