दिसू नये म्हणून

गेले पाच आठवडे आमच्या घरातील जेवणाचे टेबल जेवणासाठी उपलब्ध नाही. आम्ही उभयता स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवतो आणि उठताना आपापल्या गुडघ्यांची कुरकुर ऐकतो. टेबलावर जुनी वर्तमानपत्रे अंथरलेली आहेत. त्यांवर रंगांच्या चार बाटल्या, पिवळ्या टेपची भेंडोळी, एक धारदार सुरी आणि या पसाऱ्याच्या मधोमध एक विमान. आमचा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, ते रंगवीत आहे. शाळेसाठी म्हणून तो आमच्याकडे ग्वाल्हेरला आला आणि आता आमचाच होऊन राहिला आहे.

विमान स्वीडनचे. नाव विगेन, तिकडच्या भाषेत या शब्दाचा एक अर्थ वज्र. आमच्या महाराजपूर तळावर १९८५ साली आलेल्या मिराज विमानांनाही आपल्या वायुदलाने वज्र हेच नाव दिले, हा योगायोग नातवानेच आम्हांस सांगितला. मूळ विमानाचा पंखविस्तार १०.६ मीटर. ही प्रतिकृती अठ्ठेचाळीसपट लहान, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम २२ सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत फिकट हिरवा, तपकिरी, गडद हिरवा आणि काळा अशा चार रंगांचे तुकडे बसवायचे. सगळे तुकडे सरळ कडांचे, कोनदार, जणू फुटलेल्या काचेचे. या रंगसंगतीला स्वीडनमध्ये ‘शेते आणि कुरणे’ असे नाव आहे.

ही नक्षी शोभेसाठी नव्हे. युद्ध पेटल्यास पहिले बॉम्ब विमानतळांवर पडणार, हे गृहीत धरून स्वीडनने आपली विमाने हमरस्त्यांवरून उडवण्याची योजना आखली होती. सुमारे ५०० मीटर रस्ता विगेनला उतरण्यास पुरे होई. उतरल्यावर ते झाडीच्या कडेला उभे करायचे. वरून पाहणाऱ्याला रान दिसावे, विमान दिसू नये. आपला डोळा वस्तू ओळखतो तो बरेचदा तिच्या बाह्यरेषेवरून. ती रेषाच जागोजाग मोडली, की पंख कुठे संपला आणि जमीन कुठे सुरू झाली हे उमगत नाही. १९१५ साली फ्रेंच सैन्याने या कामासाठी खास तुकडी उभारली, तेव्हा तिच्यात चित्रकारांनाच घेतले होते. आमच्या पिढीला मात्र हा धडा घरीच मिळाला. १९७१ च्या डिसेंबरात लष्करातल्या आमच्या वाड्याच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले होते, आणि तिकडे आग्र्याला ताजमहालावरही आच्छादन घातले होते.

“अरे, रोज डोक्यावरून मिराज जाते, ते सोडून हे परके विमान कशाला?” असे आम्ही नातवाला विचारले. तेव्हा कळले, की १९७८ साली आपल्या वायुदलासाठी या विगेनचाही विचार झाला होता. परंतु त्याचे इंजिन मूळ अमेरिकी आराखड्यावरून बनवलेले. अमेरिकेने निर्यातीस परवानगी दिली नाही आणि आपण जॅग्वार घेतले. “हे आपल्याकडे येता येता राहिलं, आजोबा,” तो म्हणाला. आम्ही पुढे काही विचारले नाही.

कारण तोही जाता जाता राहिला होता. मिराजचा आवाज आला की भरल्या ताटावरून उठून गच्चीत धावणारा हा मुलगा. गेल्या वर्षी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा त्याने दिली, पाच दिवसांच्या मुलाखतीतही तो निवडला गेला, आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे काही त्याला वाचता आले नाहीत. इशिहारा नावाच्या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९१७ साली प्रसिद्ध केलेली ती चित्रे. तांबड्या-हिरव्यातला, तसाच हिरव्या-तपकिरीतला भेद त्याच्या डोळ्यांना नीट कळत नाही. वैमानिक होण्याचा रस्ता तिथेच संपला.

हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला तो सहसा जाणवतही नाही. आमच्या कैलासवासी सासऱ्यांना पिकलेला टोमॅटो ओळखता येत नसे, आणि घरात तो सर्वांच्या विनोदाचा विषय होता. नातवाने बालवर्गात झाडाची पाने तपकिरी रंगवली, तेव्हाही आम्ही हसलो आणि “शिशिरातले झाड आहे” असे सांगून बाईंची समजूत घातली. त्याच वेळी डोळे तपासून घेतले असते, तर दोष गेला नसता, हे खरे. पण बारा वर्षे एकच स्वप्न उराशी धरण्यापूर्वी त्याला ते कळले तरी असते. वाचकहो, आपल्या घरी लहान मुले असतील, तर ती चित्रे त्यांना वेळीच दाखवून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.

वर्षभर नातू कामापुरतेच बोलला. मग हे विमानाचे खोके घरी आले.

त्याची रीत आता आम्हांस पाठ झाली आहे. आधी राखाडी प्रायमर, मग सर्वांत फिकट रंग, आणि चोवीस तास वाळवण. नकाशा प्रतिकृतीच्या मापाने छापून त्याबरहुकूम टेपचे तुकडे कापायचे, जो भाग राखायचा तो झाकायचा आणि त्याहून गडद रंग फवारायचा. काळा सर्वांत शेवटी. अडचण अशी, की नकाशा सपाट आणि विमान गोलाईचे; पंखावरची रेघ धडावर चढताना मोडता कामा नये. टेपच्या कडेखालून नवा रंग झिरपू नये म्हणून कडेवर आधी खालचाच रंग पुन्हा फवारायचा. झिरपला तर तोच झिरपतो आणि दिसत नाही. रंग ओळखण्याची त्याला खात्री नाही, म्हणून बाटल्यांच्या झाकणांवर आकडे घातलेले, आणि नकाशातल्या प्रत्येक तुकड्यातही तेच आकडे. तो सगळे काम आकड्यांवरून करतो.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळ्या टेपा निघाल्या. विमान देखणे दिसत होते. नातवाच्या चेहऱ्यावर वर्षानंतर समाधान होते. आणि खोक्यावरच्या चित्राशी ताडून पाहताना आमच्या ध्यानात आले, की जिथे तपकिरी हवा तिथे गडद हिरवा आहे, आणि गडद हिरव्याच्या जागी तपकिरी. सौभाग्यवतींनी एके दिवशी टेबल आवरताना झाकणे धुऊन परत लावली होती. दोन आणि तीन यांची अदलाबदल झाली होती. त्यांच्याही ते त्याच क्षणी लक्षात आले असावे. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आणि त्या नजरेचा अर्थ ‘सांगू नका’ असाच होता.

न सांगणे सोपे होते. विमान कपाटात राहिले असते, पाहुण्यांनी वाहवा केली असती. पण आम्हांस ते तपकिरी झाड आठवले. आम्ही सांगितले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “कुठे कुठे चुकलंय?”

“सगळीकडे,” आम्ही म्हणालो. झाकणांची हकीकत सौभाग्यवतींनी स्वतःच सांगितली, आणि त्यांचा कंठ दाटून आला.

“म्हणजे हे पणजोबांचे टोमॅटो झाले, आजी,” असे म्हणून तो हसला, आणि टेपचे नवे भेंडोळे त्याने हाती घेतले. आमच्याकडे न पाहता हलकेच म्हणाला, “बरं झालं लगेच सांगितलंत.” पुढचे दोन आठवडे एकेक तुकडा झाकून पुन्हा रंगवण्यात गेले. या वेळी बाटल्या आम्ही त्याच्या हाती दिल्या.

दरम्यान त्याने एक माहिती शोधून काढली. १९९२ साली मॉर्गन, अ‍ॅडम आणि मॉलन या संशोधकांनी तांबड्या-हिरव्या चौकटींच्या गर्दीत एक आकृती लपवली. रंगांच्या गोंधळात सामान्य डोळ्यांना ती सापडेना; रंगभेद न कळणाऱ्यांना सापडली. आम्ही ते ऐकून घेतले. दुःखावर फुंकर म्हणून ठीक आहे, असे मनात म्हणालो.

काल रात्री शेवटचा हात वाळला. नातवाने विमान दिव्याखाली तिरपे धरले आणि डाव्या पंखावर बोट ठेवले. “इथे टेपच्या कडेला रंगाचा उंचवटा राहिलाय.” आम्ही चष्मा पुसून पाहिले. आम्हांस हिरवे, तपकिरी, काळे तुकडेच दिसत होते. बोट फिरवले तेव्हा केसाएवढी कड लागली. सौभाग्यवतींनाही ती दिसली नव्हती. त्याने बारीक पॉलिशकागद पाण्यात बुडवून ती कड घासून काढली.

आज सकाळी मिराज गेले. आम्ही पाटावर चहा घेत होतो. नातू टेबलापासून उठला, हातातली सुरी खाली ठेवली आणि गच्चीत गेला.